‘पोहोचलात’ म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न : काका, नमस्कार. मी नागपुरात प्रतापनगरला राहते. माझ्या लेकाला जिओकॅशिंगचं वेड लागलंय. कोणीतरी एक डबी लपवतं आणि तिचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतं. आपण फोन घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथेच ठेवून द्यायची. सेमिनरी हिल्सच्या बाजूची एक डबी काही केल्या सापडत नाही. फोन म्हणतो दोन मीटर. एक पाऊल टाकलं की नऊ मीटर, तेही उलट्या दिशेला! पुढच्या रविवारी तर बाणाने आम्हाला रस्त्याच्या पलीकडे नेलं. येणारे-जाणारे विचारून राहिले, ‘काय हरवलं बाई?’ फोन जुना आहे म्हणून असं होतं का? लेक नव्या फोनसाठी मागे लागलाय.

उत्तर : ताई, नवा फोन घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नाहीच. लेक रुसेल, रुसू द्या.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. हातभर बांध कोरल्यावरून भावाभावांची डोकी फुटताना पाहिली आहेत, म्हणून कोणतंही माप समोर आलं की ‘यात चूक किती?’ हे मी आधी विचारतो. तुमचा फोनही ते सांगत असतो, पण बारीक अक्षरात, आणि ते कोणी वाचत नाही. नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ दिसतं ना, ते त्याचं उत्तर. अँड्रॉइड फोनमध्ये त्या वर्तुळाचा अर्थ असा, की तुम्ही त्याच्या आत असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे ‘अचूकता ५ मीटर’ लिहिलेलं असलं तरी तीनातल्या एका वेळी तुम्ही त्या ५ मीटरच्याही बाहेर असता.

मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण ५ मीटरची धरा. आता गंमत बघा. ज्याने डबी लपवली त्याच्याही हातात असलाच फोन होता, त्याचेही ५ मीटर आले. दोन्ही चुका एकमेकींच्या उलट दिशेला पडल्या तर १० मीटर. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. म्हणजे फोन ‘पोहोचलात’ म्हणतो तेव्हा तो तुम्हाला तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर आणून सोडतो. झाडी असेल तर प्लॉट आणखी मोठा. तुम्ही त्या तीन गुंठ्यांत एक बिंदू शोधून राहिल्या, आणि तो बिंदू तिथे नाहीच.

बाण उड्या का मारतो तेही सांगतो. उपग्रह २०,२०० किलोमीटर वर. तिथून निघालेल्या संदेशाला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची गफलत झाली की अंतरात ३० सेंटिमीटरचा फरक. संदेश सरळ न येता एखाद्या भिंतीवर किंवा खडकावर आपटून आला, तर त्याची वाट लांबते आणि फोनला वाटतं उपग्रहच लांब आहे. पावसाळ्यात भिजलेली पानं तर अर्धा संदेश पिऊनच टाकतात. त्यात तुम्ही एका जागी उभ्या राहता तेव्हा बाणाची दिशा फोनमधल्या चुंबकीय होकायंत्रावरून येते. फोनच्या कव्हरला चुंबकाचं झाकण असेल किंवा शेजारी स्कूटी उभी असेल, तर ते होकायंत्र वाटेल तिकडे तोंड करतं. कव्हर काढा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातला फरक नागपुरात एका अंशाहूनही कमी आहे, त्याची चिंता नको.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात उपग्रहाचा संदेश रेंगाळतो. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना या थराचे दोन जाड पट्टे तयार होतात, आणि मध्य भारत उत्तरेकडच्या पट्ट्याच्या आसपास येतो. दुपारी हा थर सगळ्यात दाट, आणि सूर्यावर डाग वाढलेले असले तर रात्री तो चंचलही होतो. म्हणून सकाळी जा. मे महिन्यात तर तसंही दुपारी सेमिनरी हिल्सवर कोण जातं बाप्पा!

आता शोधायचं कसं. घरून निघतानाच फोनचा बॅटरी वाचवण्याचा मोड बंद करा आणि ॲपला ‘अचूक स्थान’ची परवानगी आहे का ते बघा. नसेल तर फोन अख्खा मोहल्ला दाखवतो आणि तुम्ही उपग्रहांना शिव्या देता. झाडीत शिरण्याआधी मोकळ्या जागी तीन-चार मिनिटं थांबा, वर्तुळ लहान होऊ द्या. मग डबीपासून तीसेक मीटरवर उभ्या राहा आणि बाणाच्या दिशेला समोर जे झाड किंवा खांब येईल तो लक्षात ठेवा. अंदाजाने मनात सरळ रेषा ओढा. तिथून वळसा घालून दुसऱ्या बाजूने या, पुन्हा तेच. मग तिसरी बाजू. प्लेन टेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या मोजणीच्या फळ्यावर, आम्ही दुर्गम जागा अशाच पकडायचो, पाय न ठेवता. तुमच्या तीन रेषा एका बिंदूत मिळणार नाहीत, छोटासा त्रिकोण होईल. तो त्रिकोण म्हणजे तुमचा प्लॉट.

तिथे पोहोचलात की फोन पर्समध्ये टाका. खरंच टाका, कारण हातात राहिला की डोळे त्याच्याकडेच जातात. ॲपवर डबीचा आकार दिलेला असतो, अवघडपणा १ ते ५ मध्ये दिलेला असतो, बहुतेकदा एक इशाराही असतो. आधी सापडलेल्यांच्या नोंदी वाचा. ‘माझा फोन सहा मीटर पूर्वेला दाखवत होता’ असं कोणी ना कोणी लिहून ठेवतंच, आणि दोघा-तिघांनी एकच दिशा लिहिली असेल तर चूक लपवणाऱ्याच्या आकड्यात आहे असं समजा. या खेळात डबी पुरायची नसते, म्हणून माती उकरू नका. मुळांच्या खोबणी, कुंपणाच्या पाइपची तोंडं, उगाच एकावर एक रचलेले दगड बघा. हे काम लेकाला द्या, पोरांची नजर बरी असते.

तरी ही तक्रार आजची आहे म्हणून नशीब. २ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम शंभरेक मीटरची चूक मिसळत असे. ती काढली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉनमध्ये पहिली बादली लपवली. हा खेळच त्या दिवशी सुरू झाला.

प्रश्न : झिरो माइलच्या जुन्या मोजणी-दगडाजवळ फोन नेऊन जीपीएस ‘सेट’ करता येतं असं मित्र सांगतो. खरं का? (सदर भाग)

उत्तर : नाही. मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. झिरो माइलच्या खांबावर उंची कोरलेली आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. अक्षांश-रेखांश नाहीत, मग फोन कशाशी जुळवणार? उंची जुळवायला गेलात तरी पंचाईत, कारण जीपीएसची कच्ची उंची समुद्रसपाटीपासून नसते, पृथ्वीच्या गणिती आकारापासून असते. नागपुरात या दोन्हींत पन्नास मीटरांहून जास्त फरक पडतो. काही ॲप तो फरक वळता करून दाखवतात, काही नाही.

प्रश्न : मला स्वतः डबी लपवायची आहे. वर्धा रोडच्या डबलडेकर पुलाखाली जागा चांगली वाटते. आकडे कसे घेऊ? (मनीषनगर)

उत्तर : पुलाखाली नको. वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली तुम्ही. आभाळ दिसतच नाही, जो संदेश येतो तो खांबांवर आपटून. शिवाय मेट्रोच्या खांबाला चिकटवलेली डबी बघून कोणी पोलिसांना फोन केला तर चूक त्याची नाही. लष्कराच्या ताब्यातल्या सीताबर्डी किल्ल्याच्या आसपास किंवा रेल्वेच्या हद्दीतही नको. जागा ज्याची आहे त्याची परवानगी घ्या, आणि दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर ठेवा, तसा नियमच आहे.

आकडे एका दमात दहा वेळा घेऊन उपयोग नाही, दहाही एकाच बाजूला चुकतील. सकाळी घ्या, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घ्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्या. प्रत्येक वेळी फोन डबीच्या जागी ठेवून जरा बाजूला व्हा, तुमचं अंगही संदेश अडवतं. फटकून गेलेला आकडा टाकून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. उपग्रह-नकाशावर ताडून बघायला हरकत नाही, पण ते चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं.

आणि लिहिताना सांभाळा. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं लिहितात. २१ अंश ०८.४०० मिनिटं म्हणजे ८ मिनिटं २४ सेकंद. ते कोणी ८ मिनिटं ४० सेकंद वाचलं, की माणूस जवळपास अर्धा किलोमीटर उत्तरेला जाऊन झुडपं हुडकत बसतो. दशांशानंतरचा तिसरा आकडा उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटरचा, त्यामुळे चौथा लिहून शहाणपणा दाखवू नका. सेंटिमीटरपर्यंतचं माप हवं असेल तर मोजणीची रोव्हर नावाची यंत्रं असतात, पण ती डबीसाठी कोणी देणार नाही.