तिथीची पाऊणपट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ध्यानाला बसलं की पाच मिनिटांत हात फोनकडे जातो, सगळं सोडून हिमालयात जावंसं वाटतं, असं तू लिहिलंस. जरूर जा. पण त्याआधी महिनाभर माझं एक ऐक.

रोज सकाळी कॅलेंडरवर तिथी बघ आणि तिची पाऊणपट काढ. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमारास समुद्राला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पक्ष कुठलाही असो. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. त्यातून हा पाऊण तास आला. हिशेब ढोबळ आहे, पण आपले कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर होड्या लोटत आलेत. तुझी गाडी भाईंदरची खाडी ओलांडते तेव्हा मान वर कर. पाणी काठोकाठ आहे की चिखल उघडा पडलाय? शेजारची बाई हात जोडते, ती त्या पाण्याकडे बघत असते. तूही बघ.

हा हिशेब मला आईने सांगितला होता. मी तेव्हा फोनवर काहीतरी वाचत होतो, नुसतं 'हं, हं' केलं. पुढे वर्सोव्याच्या एका कोळ्याकडून तोच पुन्हा शिकलो, तेव्हा ती नव्हती. ते 'हं, हं' मला अजून टोचतं. म्हणून तुला एवढं आग्रहाने लिहितोय.

आणि भरतीनंतर सहा तासांनी, ओहोटीला, जुहूच्या ओल्या वाळूत उकिडवी बस. नखाएवढे खेकडे दिसतील. तू पोचताच सगळे बिळात जातील. हलू नकोस. दोन-तीन मिनिटांनी एक येईल, मग दहा. वाळू तोंडाशी नेतात, त्यातलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची साबुदाण्याएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती गोळ्यांची नक्षी पसरत जाते. पुढच्या भरतीत ती पुसली जाते, पुढच्या ओहोटीला ते पुन्हा बसतात. तुझी सावली जरी सरकली तरी ते गडप होतात, त्यामुळे तिथे फोन काढायचं सुचतच नाही. मला देवळात इतकं स्वस्थ कधी बसता आलं नाही.

येत्या रविवारी षष्ठी आहे. ओहोटी किती वाजता ते तू काढ आणि मला कळव. मी येतो.

तुझा,
काका