सोमवारपासून रनिंग नको

पोरी,

काल रात्री तुझा मेसेज आला. कोविडच्या घरच्या किटवर दोन रेषा, दोन दिवस ताप आणि घसा, पाचव्या दिवशी एकदम ओके, "सर उगाच एवढे घाबरलो होतो आपण, सोमवारपासून रनिंग चालू करते", आणि खाली तो दंड फुगवलेला इमोजी. मी नुसतं "नको" टाकलं तर तू दोन प्रश्नचिन्हं पाठवलीस. फोनवर सांगितलं असतं तर तू हो सर हो सर करून सोमवारी पहाटे बूट घालून बाहेर पडली असतीस, तुझी ही खोड मला आठवीपासून माहितीये, म्हणून लिहायला बसलोय. लांबलं तर चहा घेऊन वाच.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पीटीचा मास्तर, तीस वर्षं पोरं पळवली एवढीच आपली डिग्री. पण कोविड मला दोनदा झाला आणि दोन्ही वेळेला मनात जे ठरवून बसलो होतो तसं काही घडलंच नाही.

२०२० ला आपल्या डोक्यात कोविड म्हणजे काय होतं ते आठव जरा. ९ मार्चला पुण्यात दुबईवरून आलेलं जोडपं पॉझिटिव्ह निघालं, २२ तारखेला आपण थाळ्या वाजवल्या, परदेशातून येणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारायला लागले आणि आमच्या घरात दुधाच्या पिशवीला रोज साबणाची आंघोळ. भाजी मिठाच्या पाण्यात, पेपर बंद, नोटा इस्त्रीखाली. ज्याला हात लागेल तो गेला, असा सरळ हिशोब होता सगळ्यांचा. आणि त्याच वेळी आम्ही शाळेत ड्युटीवर जायचो तेव्हा स्टाफरूमच्या खिडक्या लावून, मास्क हनुवटीला, तासतासभर गप्पा मारत बसायचो. हवेतून जास्त पसरतो हे डोक्यात शिरेपर्यंत वर्ष गेलं. हात मात्र धुऊन धुऊन सोलले.

आपली शाळाच तेव्हा क्वारंटाइन सेंटर होती, मुंबईवरून गावी आलेल्यांना तिथं ठेवायचे. माझी रजिस्टरवर ड्युटी. आपल्याच शाळेचा एक जुना विद्यार्थी, माझ्याकडं रिले पळलेला, गेटमधून सर सर म्हणून हाका मारत होता आणि मी दहा फुटांवरून हात केला, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि मागं सरकलो. त्याला काही म्हणजे काही नव्हतं, चौदा दिवस पटांगणात क्रिकेट खेळून गेला. ते अजून टोचतं मला, पण तो विषय वेगळा.

ही झाली वरवरची भीती. आतून मात्र मला खात्री होती की मला काय होत नाही. रेस्टिंग पल्स बावन्न, रविवारी यवतेश्वरचा घाट चढून उतरणारा माणूस, दारू नाही तंबाखू नाही, झालाच तर सर्दीसारखा होऊन जाईल. कुणाला बोललो नाही, पण होतं मनात.

एप्रिल २०२१. पंचेचाळीसच्या वरच्यांना १ तारखेपासून लस चालू झाली आणि मी पहिल्याच आठवड्यात कोविशील्ड टोचून आलो. दंड दुखला, रात्री अंग तापलं आणि मी म्हणलं चला, सुटलो. पहिल्या डोसनंतर शरीराला तयारी करायला दोनतीन आठवडे लागतात, आणि तेही एका डोसनं अर्धवटच, हे वाचलं होतं, पण वाचलेलं आणि मानलेलं यात फरक असतो. अकराव्या दिवशी ताप आला. तेव्हा ब्रेक द चेन चालू, रस्ते बंद, ज्या व्हेरियंटला पुढं मे अखेरीला डेल्टा नाव दिलं तो सगळीकडं पसरलेला.

आता नीट वाच, कारण इथं तू आणि मी सारखेच. पहिले पाच दिवस मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपे गेले. एकशे एक ताप, अंग ठणकणं, तोंडाला चव कमी. रोज सकाळी हिंगाची डबी हुंगून बघायचो वास जातो का, तो गेलाच नाही. ज्याचा फोन येईल त्याला सांगायचो, काय नाही रे, यापेक्षा डेंग्यू वाईट. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि मी माडीवरनं ओरडून पिठलं भाकरी मागितली. माझ्या मते मॅच संपली होती.

आठव्या दिवशी आशा वर्कर ताई आल्या. दारात उभ्या राहून म्हणाल्या, सर, सहा मिनिटं चाला आणि मग बोट घाला ऑक्सिमीटरमध्ये. मी हसलो. एकवीस किलोमीटर पळणाऱ्याला सहा मिनिटं चालायला सांगतायत. बसून ९५ होतं, चालून आलो तर ८८. चालून ९३ च्या खाली गेलं किंवा तीनपेक्षा जास्त घसरलं तर घरी थांबायचं नाही असा नियम होता. मी म्हणलं मशीन बिघडलंय. बायकोच्या बोटाला लावलं तर ९८. मी ताईंशी अर्धा तास हुज्जत घातली आणि बाई शांतपणे म्हणाल्या, सर, तुम्ही भांडताय ते ठीक आहे, पण ओठ बघा आरशात.

धाप नव्हती गं मला. छातीत दुखत नव्हतं, गुदमरत नव्हतं, काही नाही. नंतर वॉर्डातल्या एका डॉक्टर पोरानं समजावलं की आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून, ऑक्सिजन कमी झाला म्हणून नाही. आपण पळताना धापा टाकतो तेही बरंचसं तो वायू बाहेर टाकायला. या आजारात सुरुवातीला फुप्फुस ऑक्सिजन आत घ्यायला कमी पडतं पण कार्बन डायऑक्साइड बाहेर जातच राहतो, त्यामुळं धोक्याची घंटाच वाजत नाही आणि माणूस मस्त गप्पा मारत मारत खाली जातो. तीस वर्षं मी तुम्हाला ग्राउंडवर ओरडून सांगितलं ना, घड्याळ बघू नका, शरीराचं ऐका? ते शरीर त्या दिवशी चक्क खोटं बोलत होतं आणि बोटाला लावायचा तो चिमटा खरा होता. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहितोय असं समज.

बेड मिळायला दिवस गेला, ते सोडून देतो, त्या महिन्यात सगळ्यांचंच तसं होतं. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुस किती बिघडलंय त्याचा स्कोअर पंचवीसपैकी ११ आला आणि नातेवाइकांत दहावीच्या निकालासारखी त्याची चर्चा झाली. भाचा दोन दिवस रेमडेसिव्हिरसाठी तीन जिल्हे फिरला. मिळालं नाही. लोकं तेव्हा दागिने मोडून ती इंजेक्शनं ब्लॅकनं घेत होती आणि जागतिक आरोग्य संघटनेनं आदल्या नोव्हेंबरातच सांगून ठेवलं होतं की ॲडमिट पेशंटला ते देण्याची शिफारस आम्ही करत नाही. मला दिलं ते ऑक्सिजन, पालथं झोपायला लावणं आणि डेक्सामेथासोन, अगदी चिल्लरच्या भावात मिळणारं जुनं स्टिरॉइड. ते ऑक्सिजनवरच्या माणसाला वाचवतं हे २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलमध्ये दिसलं होतं, आणि ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला फायदा नाही हेही त्यातच होतं. पण व्हॉट्सॲपवर प्रिस्क्रिप्शन फिरत होतं आणि आमच्या ओळखीतल्या एकानं दुसऱ्याच दिवसापासून ते चालू केलं, शुगर वाढली, काळी बुरशी झाली, एक डोळा काढावा लागला.

हॉस्पिटलची पण मनात एक पिक्चरसारखी कल्पना होती, मशीनचे आवाज, धावपळ. प्रत्यक्षात कंटाळा. ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी गुडगुड गुडगुड करत राहायचं दिवसरात्र, पीपीई किटातली माणसं सगळी सारखी दिसायची म्हणून त्यांनी पाठीवर पेननं नावं लिहिलेली. शेजारच्या बेडवर कोरेगावकडचा एक आल्याचा शेतकरी होता, मास्क बाजूला करून करून मला आल्याच्या गाडीचा भाव सांगायचा आणि सिस्टरची बोलणी खायचा. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा बेड रिकामा होता. मी विचारलं नाही.

आता तुझ्या सोमवारकडं येतो.

मला वाटलेलं की डिस्चार्ज मिळाला की आजार संपला. घरी आलो, महिनाभर नीट खाल्लं, दीड महिन्यानं बूट घातले आणि हळूहळू तीन किलोमीटर पळालो. झकास वाटलं. दुसऱ्या दिवशी पण बरं. तिसऱ्या दिवशी आंघोळीचा तांब्या उचलवेना. आळस म्हणावं तर तसं नाही, ताप नाही, नुसतं अंगातलं कुणीतरी काढून घेतल्यासारखं, आणि डोकं असं की हजेरीपटातली नावं वाचता वाचता कुठं होतो तेच विसरायचो. आठवडा गेला. बरा झालो आणि शहाण्यासारखं परत पळालो, परत तेच. असं तीनदा केलं कारण आपला नियमच आहे ना, थकवा आला की अजून थोडं रेटायचं, स्टॅमिना असाच वाढतो. इथं उलटं होतं. आज जास्तीचं केलं की बिल परवा येतं, आणि त्या मधल्या दिवसामुळं कशाचं बिल आलं तेच कळत नाही.

माझा डिसेंबर उजाडला घाट नुसता चालत चढायला. बायको म्हणायची टेन्शन घेतलंय तुम्ही, डॉक्टर म्हणायचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. लाँग कोविड हे नाव पण एका पेशंट बाईनंच ठेवलेलं बरं का, इटलीतल्या पुरातत्त्व संशोधक एलिसा पेरेगो, मे २०२० मध्ये ट्विटरवर. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या यायला २०२१ चा ऑक्टोबर उजाडला. दुखणं ज्याचं त्यालाच आधी कळलं.

दुसऱ्यांदा झाला तो जानेवारी २०२२ ला, ओमायक्रॉनच्या लाटेत. या वेळी माझी तयारी अशी की काय सांगू, उशाला ऑक्सिमीटर, बॅग भरलेली, भाच्याला गाडीत पेट्रोल टाकून ठेवायला सांगितलं. आणि झालं काय तर दोन दिवस घसा खवखवला. मला तर फसवल्यासारखं वाटलं. पण गंमत ऐक, बायको. २०२१ ला माझ्याबरोबर तीही पॉझिटिव्ह होती आणि तिला शिंकसुद्धा आली नव्हती. या वेळी तिला दोन महिने खोकला, फोडणी दिली की जळक्या रबराचा वास यायचा म्हणून स्वयंपाकघरात जाईना, आणि एप्रिलमध्ये केस असे गळले की वेणी निम्मी झाली. एकच घर, एकच काढा.

तुला घाबरवायचं नाहीये मला. तू म्हणतेस ते "काहीच नाही" बहुतेक खरंच असणार. तुझ्या अंगात दोन डोस आहेत, आधी नकळत एकदोनदा होऊनही गेला असेल, आणि २०२१ चा तो प्रकार आता राहिलेला नाही. तुझं वय पण बाजूनं आहे. माझी हरकत फक्त एवढीच आहे की तू पाचव्या दिवशी निकाल लावतीयेस, मी सहाव्या दिवशी लावला होता.

मग काय करायचं. हा आठवडा काही नाही, ऑफिसचं काम घरून आणि झोप. सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी पल्स मोज आणि लिहून ठेव. तुझी एरवी साठच्या आसपास असते, ती सत्तरपंच्याहत्तरवर अडकली असेल तर शरीर अजून आत काम करतंय, मग तुला कितीही फ्रेश वाटू दे. पुढच्या आठवड्यात चालायचं, बोलता येईल एवढ्याच वेगानं, वीस मिनिटं. आणि मग दोन दिवस थांबायचं. लगेच कसं वाटलं ते मला नकोय, तिसऱ्या दिवशी कसं वाटलं ते हवंय. त्या रनिंगच्या ॲपवर, स्ट्रावावर, टाकू नकोस, टाकलंस की तुझ्या ग्रुपातली पोरं चढवणार तुला. छातीत दुखलं, धडधड झाली, चक्कर आली तर मला मेसेज करत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडं जाऊन ईसीजी काढ, हृदयाला सूज येणं दुर्मिळ असलं तरी असतं, आणि सुजेवर पळणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि शनिवारी आजीकडं जाणार होतीस ना, ते पुढं ढकल. तुझ्यासाठी घसा असेल, तिचं वय ऐंशी आहे आणि शुगर आहे.

सप्टेंबरच्या हिल मॅरेथॉनची काळजी करू नकोस. तीन आठवडे गेले तरी काही बिघडत नाही, चौदा आठवड्यांचा प्लॅन अकराचा करायला मला एक संध्याकाळ लागते. टायमिंग पाच मिनिटांनी वाढेल, वाढू दे.

तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे ना? पुढच्या गुरुवारी लिफ्ट सोडून एकदाच जिन्यानं वर जा, सावकाश. आणि शनिवारी मला फोन कर.

तुझा
सर