वाचकांचे प्रश्न: कविसंमेलनाचं गणित आणि गझलेची कार्यशाळा

आमच्या वाचनालयाच्या साहित्य महोत्सवात दरवर्षी बारा कवींचं संमेलन असतं, साडेपाच ते आठ. शेवटच्या तीन कवींच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. काय बदलावं? (महाल, नागपूर)

आधी कागदावर हिशेब मांडा. दीपप्रज्वलन, स्वागत आणि प्रास्ताविक यांत २५ मिनिटं सहज जातात. शाल-श्रीफळाला माणशी दीड मिनिट धरलं तरी १८ मिनिटं. सूत्रसंचालकाच्या ओळख आणि चारोळ्या, आणखी १८. म्हणजे एकही कविता न होता ६१ मिनिटं गेली. पत्रिकेसोबत तुम्ही ‘दोन-तीन कविता’ असं कळवलेलं असणार. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने घेतो आणि माणशी अकरा मिनिटं होतात. बारा जणांची १३२. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला तरी पावणेनऊ वाजतात, आणि श्रोत्यांना आठनंतर घरी स्वयंपाक, शेवटची बस हे सगळं असतंच.

कवी नऊच बोलवा. सत्कार कार्यक्रमाआधी चहाच्या वेळी उरकून घ्या. मंचावर शाल पांघरून घेतलेला कवी तसाही पाच मिनिटांत ती काढून ठेवतो. निमंत्रणात कवितांची संख्या लिहू नका, मिनिटं लिहा. वाचनाच्या दोन फेऱ्या ठेवा, प्रत्येक फेरीत माणशी एक कविता, चार मिनिटं. सगळे पहिल्या तासात ऐकून होतात, त्यामुळे कुणाचाही क्रम ‘शेवटचा’ राहत नाही. आपल्या मित्राला ऐकून उठणारी मंडळीही दुसऱ्या फेरीसाठी थांबतात. अध्यक्षांनी शेवटी वाचण्याचा रिवाज मोडायची गरज नाही, पण भाषण आणि कविता मिळून पंधरा मिनिटं हे त्यांना आधीच अदबीने सांगा. वेळेची चिठ्ठी सूत्रसंचालकाच्या हातात नको, पहिल्या रांगेतल्या कार्यकर्त्याकडे द्या. मंचावरून चिठ्ठी सरकवली की कवीचा अपमान होतो आणि कविताही कोसळते.

सभागृहाबद्दल. दीडशे श्रोत्यांसाठी रेशीमबागेतलं सुमारे २००० आसनांचं सुरेश भट सभागृह घेऊ नका. दाद विरून जाते. उघड्यावर घ्यायचं असेल तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी त्याच्याही आधी श्रोते उठवते. डिसेंबरमधल्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा टाळा. पाहुण्या कवींना हॉटेलात खोल्या मिळत नाहीत आणि सिव्हिल लाइन्सचे रस्ते अडलेले असतात.

महाविद्यालयाच्या महोत्सवात गझलेची कार्यशाळा ठेवली आहे, साडेदहा ते दीड, ४० विद्यार्थी. गेल्या वेळी मार्गदर्शक दोन तास स्वतःच्या प्रवासाबद्दल बोलले. यंदा आखणी कशी करावी? (एक प्राध्यापिका, नागपूर)

चाळीस जणांचं व्याख्यान होतं, कार्यशाळा होत नाही. वीस-वीसच्या दोन तुकड्या करा आणि दोन कवी बोलवा. दोघांनाही ‘मार्गदर्शन करावे’ असं मोघम पत्र पाठवू नका. कोणत्या अर्ध्या तासात काय करायचं ते लिहून द्या. आठवडाभर आधी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक शेर (गझलेतल्या दोन ओळी) मागवा आणि नावं काढून झेरॉक्स करा. नाव असलं की चर्चा कवितेची होत नाही, माणसाची होते.

पहिला तास फक्त लघु-गुरूचा: लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. फळ्यावर एक ओळ लिहा आणि मुलांकडून मात्रा मोजून घ्या. ही आनंदकंद वृत्तातली (गागाल गालगागा गागाल गालगागा; ‘गा’ म्हणजे गुरू, ‘ल’ म्हणजे लघु), २४ मात्रांची:

संत्र्यात साठलेला सायंप्रकाश थोडा

आता ‘साठलेला’च्या जागी ‘भरलेला’ घाला. अक्षरं चारच आहेत म्हणून निम्मी मुलं ओळ बरोबर म्हणतील. पण ‘साठलेला’ सात मात्रांचा आणि ‘भरलेला’ सहाचा. ओळ मोठ्याने म्हणायला लावा, जीभ कुठे अडखळते ते त्यांना स्वतःलाच कळेल. दुसरी नेहमीची चूक जोडाक्षराची. ‘सत्य’मधला ‘स’ गुरू होतो, कारण त्यावर आघात येतो. ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर तो येत नाही, म्हणून तो लघुच राहतो. ‘जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू’ एवढाच नियम पाठ केलेली मुलं इथे हमखास फसतात. कान आधी, पाठांतर नंतर.

दुसऱ्या तासात मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर. वरच्या ओळीत ‘थोडा’ हा रदीफ (शेवटी तसाच पुन्हा येणारा शब्द) धरला तर ‘प्रकाश’ हा काफिया (त्याआधीचं यमक). मतल्याच्या दुसऱ्या ओळीत ‘सावकाश’ घेतलं की ‘काश’ हेच बंधन होतं. मग या वृत्तात बसणारे शब्द लगेच संपतात आणि विद्यार्थी तिसऱ्या शेरापर्यंत ओढूनताणून पोचतो. ‘विनाश’ घेतला तर बंधन ‘आश’चं, आणि ‘पाश’, ‘हताश’, ‘निराश’ सगळी दारं उघडतात. काफियांची यादी मतला पक्का करण्याआधी काढायची, ही सवय या तासात लागली तरी पुष्कळ झालं.

शेवटच्या तासात झेरॉक्स केलेले शेर. वीसच्या वीस होणार नाहीत. एका शेराला सात मिनिटं दिली तर आठच होतात, म्हणून आठ निवडा आणि उरलेल्यांवर कवीने कागदावरच शेरा लिहून द्यावा. घरी सरावासाठी सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका पुरेशी आहे.

मार्गदर्शकाची स्वतःची गझल? शेवटी, एक.

पहिल्यांदाच मंचावर वाचणार आहे. माइकवर ‘फ’ आणि ‘भ’ फुटतात, आवाज घुमतो. (धरमपेठ)

माइक तोंडासमोर सरळ न धरता किंचित तिरका ठेवा, ओठांपासून चार-पाच बोटं दूर. महाप्राण अक्षरांचा वारा मग बाजूने निघून जातो. शिट्टी वाजली तर माइकवर हात झाकू नका, त्याने ती वाढते. माइकचं तोंड स्पीकरकडे वळलेलं नाही ना, तेवढं पाहा. कविता मोबाइलवरून वाचू नका, पडदा मधेच विझतो आणि फोनही येतात. १६ पॉइंटच्या ठळक अक्षरात छापा, एका कागदावर एक कविता, पिन न लावता. घरी घड्याळ लावून वाचा आणि मंचावर त्यात थोडी भर पडेल असं धरा. गझल असेल तर शेराची पहिली ओळ दोनदा म्हणावी लागते, त्याचाही वेळ धरा. तरन्नुममध्ये (चालीवर) गाता येत नसेल तर तहतमध्येच, म्हणजे चाल न लावता वाचा. अर्धवट चाल सर्वांत वाईट.

पुण्या-मुंबईचे पाहुणे असतील तर वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतली कविता वाचावी का? (भंडारा)

वाचावीच. अडणारे दोन शब्द आधी सांगा, अर्थ मधेच थांबून सांगू नका. आणि हशा मिळतो म्हणून उच्चार फुगवू नका.

आयोजक वाचनाचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकतात. हरकत घेता येते का? (वर्धा)

येते. मंचावर वाचल्याने कवितेचा हक्क आयोजकाकडे जात नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो कवीचाच राहतो. मानधन, प्रवासखर्च आणि चित्रीकरणाची परवानगी या तीन गोष्टी निमंत्रण स्वीकारतानाच लेखी ठरवा. अप्रकाशित कविता असेल तर ‘चित्रीकरण चालेल, प्रसारण नाही’ असंही लिहिता येतं. कार्यक्रमाच्या रात्री, पाकीट हातात घेऊन हा विषय काढणं दोन्ही बाजूंना जड जातं.