गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी पहिल्यांदाच लिहिणाऱ्या बायला

बायकांवरच्या मनाईबद्दलचे इराण-सौदीचे सिनेमे, हा विषय चांगला निवडलायस, पण 'बिचाऱ्या तिथल्या बायका' या सुरात लिहू नकोस. त्या सुरात लिहिलं की सिनेमा बघायचा राहूनच जातो.

सुरुवात इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींच्या 'ऑफसाइड'ने (2006) कर. तेव्हा इराणमध्ये पुरुषांच्या मॅचला बायकांना स्टेडियममध्ये मनाई होती. तेहरानमध्ये फुटबॉल बघायला मुलांच्या वेशात आलेल्या मुली पकडल्या जातात आणि प्रेक्षकांच्या जागेबाहेर, कठड्यांच्या आड डांबल्या जातात. मॅच आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, नुसता गलका ऐकू येतो. म्हणजे प्रेक्षकालाही दिग्दर्शकाने बाहेरच ठेवलंय. ही युक्ती नीट पकड. कथासार दोन ओळींत उरक, कथा काय, कुठेही वाचायला मिळते. आणि पहाऱ्यावरचे शिपाई बघ. खलनायक नव्हेत, सक्तीच्या लष्करी नोकरीला जुंपलेली पोरं. त्यातल्या एकाचा जीव गावच्या गुरांत अडकलाय! मनाई चालते ती अशांच्याच हातून.

मग सौदी दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' (2012), मुलींनी सायकल चालवायची नाही अशा ठिकाणी सायकलचा ध्यास घेतलेल्या मुलीचा. रियाधच्या रस्त्यावर पुरुष सहकाऱ्यांत उघडपणे वावरता येत नव्हतं, म्हणून त्यांनी बाहेरची दृश्यं व्हॅनमध्ये बसून, वॉकी-टॉकीवरून दिग्दर्शित केली. सिनेमाचा विषय आणि तो करण्याची अट, दोन्ही एकच.

इराण-सौदीवर थांबशील तर पणजीतल्या वाचकाला फार सोयीचं होईल. आपल्या गावच्या देवस्थानच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या कारभारात हक्क असलेल्यांच्या, यादीत बायकांची नावं किती, तेवढं विचारून ये. लेखात घालायचं की नाही, ते मागाहून ठरवू.

आणि हो, सिनेमांना गुणांचे तारे देऊ नकोस.