रीस्ट्राइकला ‘पुनर्मुद्रित नाणं’ म्हणावं का?

प्रश्न असा होता की अमेरिकेतल्या मामांनी १७७६ च्या कॉन्टिनेन्टल डॉलरचं (अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातलं साल असलेलं नाणं) ‘रीस्ट्राइक’, म्हणजे जुन्या ठशाने नंतर पाडलेलं नाणं, घेतलंय, त्याला मराठीत पुनर्मुद्रित नाणं म्हणायचं की नक्कल.

पुनर्मुद्रित नको असं माझं मत. व्याकरणाने चुकीचा नाहीये, मुद्रा म्हणजे नाणंच, पण तो शब्द आपल्याकडे आधीच दुसऱ्या कामाला लागलाय. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलाय, त्यांना पुनर्मुद्रित म्हणतात. म्हणजे तिथे नाणं जुनं आणि छाप नवा, रीस्ट्राइकमध्ये बरोब्बर उलटं, ठसा जुना आणि धातूची चकती नवी. मी तरी सरळ ‘मूळ ठशावरून मागाहून पाडलेलं नाणं’ म्हणतो, लांबलचक आहे मान्य, पण नाणी आपण पाडतोच ना. (ओतीव नको हं, ते साच्यातलं.)

आता खरी गोची. अमेरिकेच्या जुन्या नाण्यांच्या बाजारात हा शब्द फार सैल वापरतात. १७८७ च्या फ्युजिओ सेंटची (अमेरिकेचं सुरुवातीचं तांब्याचं नाणं) ‘न्यू हेवन रीस्ट्राइक्स’ प्रसिद्ध आहेत, होरॅशिओ रस्ट नावाच्या गृहस्थाने सांगितलं की न्यू हेवनमध्ये मूळ ठसे सापडले, लोकांनी विश्वास ठेवला, आज अभ्यासक म्हणतात की ते ठसे १८६० च्या आसपास नव्यानेच बनवलेले. मागच्या बाजूच्या साखळीतल्या कड्या बारीक दिसतात त्यावरून ओळखू येतात. नाव मात्र रीस्ट्राइकच राहिलं, आणि सोन्या-चांदीतसुद्धा पाडल्यामुळे त्यांनाही चांगली मागणी आहे!

मामांच्या डॉलरचं तर अजून एक पाऊल पुढे. डिकसन नावाच्या नाणे-अभ्यासकाने १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शताब्दी प्रदर्शनाच्या वेळी त्याची नक्कल काढली, तिचे ठसे पुढे हातोहात फिरले, आणि १९६२ मध्ये रॉबर्ट बॅशलो या नाणे-विक्रेत्याने त्यावरून नवे ठसे करून परत नाणी पाडली. म्हणजे नकलेच्या ठशाच्या ठशावरची. १७७६ चा मूळ ठसा यात कुठेच नाही, तेव्हा बॅशलोचं असेल तर बिनधास्त नक्कल म्हणा. त्यावर ‘कॉपी’ लिहिलेलं नसेल तर मामा वाद घालतील, त्यांना सांगा की नकलेवर तसं लिहिण्याची सक्ती करणारा कायदा १९७३ चा आहे, बॅशलोच्या नाण्यांनंतरचा.