प्रोटॉन नको, अल्फा घे

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला सौरवारा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, घेते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. सौरवाऱ्यात भरपूर आहेत म्हणून तू प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनची केंद्रकं, निवडलेस. माझं ऐकशील तर अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रकं, घे. संख्येनं ते जेमतेम चार टक्के, आणि सौरचक्राबरोबर (सूर्याच्या सक्रियतेच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराबरोबर) तेही कमीजास्त होतात. पण मंगळापाशी त्यांचा एक गुण फार मोलाचा ठरतो. मंगळाच्या वातावरणात हायड्रोजन आधीच आहे, त्यामुळे तिथे सापडलेला प्रोटॉन सूर्याचा की मंगळाचा, हे सांगणं अवघड. अल्फा, म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम, मात्र सूर्याकडूनच आलेला असतो.

संगणक उघडण्याआधी कागद घे. वेग सेकंदाला ४०० किलोमीटर, चुंबकीय क्षेत्र ३ नॅनोटेस्ला, दोन्ही काटकोनात धर. चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन ज्या वर्तुळात फिरेल त्याची त्रिज्या सुमारे १,४०० किलोमीटर येईल. अल्फाचं वस्तुमान चौपट, विद्युतभार दुप्पट, म्हणून त्रिज्या २,८०० किलोमीटर. खुद्द मंगळाची त्रिज्या ३,३९०! पृथ्वीसारखं ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र मंगळाला नाही. वातावरणाच्या माथ्यावरचे आयनच (विद्युतभारित अणू-रेणू) सौरवाऱ्याला वळवतात. तिथे क्षेत्र दाटतं, त्रिज्या घटते (तेही गणित कर), तरी पंचवटीच्या बोळात कांद्याची ट्रॉली वळवावी तशी अल्फाची गत होते. म्हणून काही अल्फा थेट वातावरणात घुसतात. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्सप्रेस या युरोपीय यानावरच्या अस्पेरा-३ उपकरणानं ते आत टिपलेले आहेत.

पुढचा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो. घुसलेला अल्फा ऑक्सिजनच्या अणूकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग दुसऱ्या कुणाकडून आणखी एक. आता तो साधा हेलियम अणू. चुंबकीय क्षेत्राला त्याच्यावर जोर चालवता येत नाही, तो सरळ खाली उतरतो. इकडे इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आयन सौरवाऱ्याच्या विद्युतक्षेत्रात सापडतो आणि ग्रह सोडून जाऊ शकतो. म्हणजे एकाच घटनेत हेलियमची आवक आणि ऑक्सिजनची जावक! पृथ्वीवरचा हेलियम मुख्यतः खडकांतल्या युरेनियम-थोरियममधून येतो. मंगळावर सूर्याकडून येणारा वाटाही लक्षणीय आहे, आणि तो किती, हा अजून काम करण्याजोगा प्रश्न आहे.

यासाठी नाशिक सोडायची गरज नाही. मंगळाच्या वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी पाठवलेल्या नासाच्या मेवेन यानाची विदा (डेटा) सर्वांना खुली आहे. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानाची विदाही इस्रोनं खुली केली आहे. त्यावरचं अस्पेक्स हे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेनं घडवलं, आणि ते प्रोटॉन व अल्फा वेगळे मोजतं. आधी आदित्यची विदा घे. तिथे ग्रह मध्ये नाही, सौरवारा निर्भेळ दिसतो, नजर तयार होते. मग मंगळाकडे वळ.

एक सावधगिरी मात्र बाळग. ही उपकरणं पुष्कळदा ऊर्जा आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर मोजतात. ४०० किलोमीटर वेगाला आलेखात प्रोटॉनचं शिखर ८३० व्होल्टच्या आसपास येईल, अल्फाचं त्याच्या दुप्पट जागी. पण हायड्रोजन रेणूच्या आयनाचंही वस्तुमान-विद्युतभार गुणोत्तर दोनच असतं, आणि तो मंगळाचा असू शकतो. नुकताच जन्मलेला हा आयन सौरवाऱ्याच्या वेगानं धावत नसतो, त्यामुळे वेगांची वाटणी पाहिल्याशिवाय कुठल्याही शिखराला अल्फा म्हणू नकोस. त्रिज्येची दोन्ही गणितं झाली की कागद घेऊन घरी ये, पुढचं बसून ठरवू.

तुझे,
सर