पडद्यावरची बंदूक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’ या १९४६च्या वेस्टर्नमध्ये (अमेरिकेच्या जुन्या पश्चिम भागातल्या बंदूकबाजांच्या सिनेमात) ओ. के. कोरल या घोड्यांच्या आवारातल्या चकमकीत अर्प भावांचा साथीदार डॉक हॉलिडे मारला जातो. खरंच तसं झालं होतं का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: नाही. हॉलिडे त्या दिवशी थोडक्यात बचावला आणि १८८७ साली क्षयाने गेला. सिनेमात त्यांच्याविरुद्ध लढणारा म्हातारा क्लँटन तर चकमकीच्या दोन महिने आधीच मारला गेला होता. चकमक झाली २६ ऑक्टोबर १८८१ला, ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावात. तीही कोरलमध्ये नाही, तर जवळच्या फ्रीमाँट स्ट्रीटलगत, एका फोटोग्राफरच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत. रुंदी जेमतेम पंधरा-वीस फूट. जुन्या नाशकातल्या वाड्याचं अंगण डोळ्यांपुढे आणा आणि त्यात आठ-नऊ माणसं समोरासमोर उभी करा. साधारण तीस सेकंदांत तीसेक गोळ्या सुटल्या, तिघे मेले. पडद्यावर हेच दगडांआडून लपतछपत बराच वेळ चालतं.

मेलेली माणसं जिवंत करणं आणि जागा बदलणं एक वेळ चालवून घेऊ. वाद कशावरून पेटला, ते पुसलं की मात्र आमची तक्रार असते. गावात शस्त्र बाळगून फिरायला बंदी होती. मार्शल, म्हणजे गावाचा पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प क्लँटन गटाची हत्यारं काढून घ्यायला निघाला होता. ‘वेस्टमध्ये ज्याच्या-त्याच्या कमरेला पिस्तूल’ ही समजूत बरीचशी सिनेमाचीच देणगी.

प्रश्न: हिरो सहा बारी रिव्हॉल्व्हरमधून दहा गोळ्या झाडतो. एवढं तरी सांभाळायला नको?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: मोजायचं तर पाचच मोजा. १८७३च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा (काडतुसावर आपटणारा खटका) चक्रीच्या काडतूस भरलेल्या घरावर टेकलेला असताना पिस्तूल खाली पडलं, तर गोळी सुटू शकते. म्हणून जाणकार एक घर रिकामं ठेवून घोडा त्यावर टेकवत. भरण्याचं कामही किचकट: घोडा अर्धा ओढायचा, उजवीकडचं झाकण उघडायचं, नळीखालच्या दांडीने एकेक रिकामी पुंगळी ढकलून काढायची, चक्री फिरवत एकेक काडतूस घालायचं. घोड्यावर दौडताना हे करून बघा! शिवाय दारू काळी असल्याने दोन-चार बारांतच पांढरा धूर दाटायचा. सिनेमात तो फारसा दिसत नाही, कारण नटाचा चेहराच झाकला जाईल. ही सूट आम्हाला मान्य आहे.

प्रश्न: कॉलेजच्या लघुपटात अनंत कान्हेरेंचा प्रसंग करतोय. हाताशी खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर आहे. चालेल?
– एक विद्यार्थी, पंचवटी

उत्तर: नको. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद थिएटरात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर चालवलं ते ब्राउनिंग पिस्तूल होतं. त्याला चक्री नसते. काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये भरतात. प्रत्येक बाराला वरचा भाग झटक्याने मागे सरकतो आणि पुंगळी बाहेर उडते. धूर नगण्य, तेव्हा वेस्टर्नसारखे ढग सोडू नका. प्लास्टिकच्या नकलेचा वरचा भाग हलत नसेल, तर पिस्तूल बाजूने दाखवू नका. कॅमेरा कान्हेरेंच्या खांद्यामागे ठेवा आणि फरशीवर पडणाऱ्या पितळी पुंगळीचा आवाज द्या. ठिणगी एडिटिंगमध्ये टाका. रस्त्यावर चित्रीकरण असेल तर नक्कल असली तरी पोलीस ठाण्यात आधी कळवा.

प्रेक्षागृहातली कुजबुज, मनातले संवाद हवे तसे लिहा. पात्रं कमी करायची म्हणून कान्हेरेंचे साथीदार कर्वे आणि देशपांडे यांना मात्र गाळू नका: १९ एप्रिल १९१०ला ठाण्यात फाशी तिघांना झाली होती.